जुईने पाहिलेला पक्षी

माझ्या कामाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू व्हायचा, त्यामुळे आमच्या घरची दिवाळी कायम दुसऱ्या कुणीतरी केली. आधी सासूबाईंनी, मग जावेने. आता गुडघ्यांनी मला घरी बसवलं आहे आणि यंदा पहिल्यांदा फराळ माझ्याकडे आला आहे. आत्तापासून हात बसवतेय, तर चकल्या मोडतायत. जाऊ नुसती बघते.

लोकांना पक्षी दाखवून मी पोट भरलं. ग्वाल्हेरच्या ‘खासगी बाजार’ मोहल्ल्यात राहणारी बाई असा काही उद्योग करते म्हटल्यावर शेजारणींना सुरुवातीला वाटलं होतं की मी पोपट विकते. आमचे मोहिते दख्खनमधून इकडे आले ते लढाईसाठी. पुढच्या पिढ्या बँकेत, रेल्वेत, शाळांत शिरल्या. मीही काही वर्षं शाळेत प्राणिशास्त्र शिकवलं. मग दिल्लीच्या एका सहल कंपनीला आमच्या भागात वाटाड्या हवा होता, आणि मला बाकावरच्या मुलांपेक्षा चिखलातले पक्षी बरे वाटायचे, म्हणून गेले. माझी मराठी ग्वाल्हेरची आहे. तिच्यात हिंदी न विचारता शिरते. ती तशीच राहू द्या, असं संपादकांना सांगून ठेवलं आहे.

काम काय असतं ते आधी सांगते. शहरापासून गाडीने फार लांब नाही, असं एक जुनं धरण आहे. नाव सांगत नाही. आमच्या धंद्यात जागेचं नाव सगळ्यात शेवटी सांगतात, आणि जमलं तर सांगतच नाहीत. त्या पाण्याच्या मधोमध एक लहानसा टापू आहे. त्यावर बाभळी, गवत, संस्थानकाळात बदकांच्या शिकारीसाठी बांधलेली एक दगडी कोठी आणि एका टोकाला उंच खडक. पावसाळा संपला की पाणी उतरू लागतं, टापूच्या कडेला चिखलाची आणि उथळ पाण्याची पट्टी उघडी पडते, आणि हिमालयापलीकडून निघालेले पक्षी तिच्यावर उतरतात. आधी चिखलात चोच खुपसत फिरणारे लहान पक्षी, मग चक्रवाक, मग डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, आणि पहाटे शाल लागायला लागली की क्रौंच.

क्रौंच म्हणजे माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच, राखाडी, लांब मानेचा पक्षी. हे दिवसभर शेतांत दाणे टिपतात आणि संध्याकाळी टापूच्या कडेला घोटाभर पाण्यात उभ्याउभ्या झोपतात. कोल्हा आला तर पाण्यात पाय वाजतो, म्हणून पाण्यात. सकाळी ऊन वर यायच्या आत सगळे एकदम उठतात. हे उतरणं आणि उठणं बघायला लोक लांबून येतात. गवत आणि पोती लावून केलेल्या आडोशामागे त्यांना अंधार असतानाच नेऊन बसवायचं, बोलू द्यायचं नाही, पांढरे-लाल कपडे घालू द्यायचे नाहीत, आणि पक्ष्यांच्या जवळ जाऊ द्यायचं नाही. पक्षी दाखवणं हा त्यातला लहान भाग. मोठा भाग माणसं आवरण्याचा. इंदूरच्या एका गृहस्थांनी मला फार सभ्यपणे विचारलं होतं की हे उठणं नाश्त्यानंतर ठेवता येईल का. एका बाईंना क्रौंच आवडले नाहीत, कारण फोटोत ते जास्त निळे होते.

एका वर्षी कंपनीच्या कुणा हुशार माणसाने आमच्या सहलीचं नाव बदलून ‘आयलंड गेटअवे’ केलं. टापूला आयलंड म्हटलं की लोक चाकांच्या सुटकेसा घेऊन येतात, हे मला त्याच हंगामात कळलं.

त्या खेपेला पुण्याचे भागवत आणि त्यांचे दोन मित्र होते. भागवत बँकेतून निवृत्त झालेले, बारीक, सावकाश बोलणारे. देशातले बहुतेक सगळे पक्षी त्यांनी पाहिले होते आणि जे उरले होते त्यांच्यासाठी ते आयुष्य नीट राखून होते. सकाळचं फिरणं, कमी मीठ वगैरे. त्यांच्याबरोबर नावेतून उतरलं ते ग्वाल्हेरच्याच हरिशंकरपुरममधलं एक नवं जोडपं, अनिकेत आणि जुई. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. दोन मोठ्या सुटकेसा, अनिकेतच्या पायात पांढरेशुभ्र बूट. त्याने चहूकडे बघितलं आणि मला विचारलं, “काकू, रिसेप्शन किधर है? मतलब, सामान कुठे ठेवायचं?”

मी तंबू दाखवले. तंबूंच्या मागे कनाती लावून केलेला संडास दाखवला. जुईला हसू आलं, आणि तिने ते ओढणीत लपवलं. अनिकेतला ते दिसलं. तो कंपनीला फोन करायला निघाला, तेव्हा मला सांगावं लागलं की इथे फोन फक्त त्या खडकावर चढलं तर लागतो. त्याला लगेच परत जायचं होतं, पण दुपारी पाण्यावर वारा सुटतो. आमचा नाववाला रामहेत म्हणाला, “भैया, हवा में नाव नहीं खोलूँगा।” रामहेत एकदा नाही म्हणाला की विषय संपायचा. तर ते राहिले.

अनिकेत वाईट मुलगा नव्हता. बायकोला चांगल्या ठिकाणी न्यायचं म्हणून त्याने सुट्टी काढली होती, आणि ते चांगलं ठिकाण निघालं नव्हतं. तो राग कुणावर काढायचा हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो जुईची थट्टा करत होता. हिला काही समजत नाही, ही नकाशात डावं-उजवं ओळखत नाही, असं. ती ऐकून घेत होती. तिला सवय झालेली दिसत होती.

संध्याकाळी तो खडकावर बसला आणि जुई आडोशात माझ्याशेजारी. माझ्याकडची जादा दुर्बीण मी तिला दिली. क्रौंच उतरले. आधी त्यांचा आवाज येतो, लांबून, खूप जण एकदम गुळण्या करत असावेत तसा. मग ते दिसतात. जुईने दुर्बीण खाली घेतलीच नाही. शेवटी तिने अगदी हळू विचारलं, की हे सगळे पाण्यात एकाच दिशेला तोंड करून का उभे आहेत. मी सांगितलं, वाऱ्याकडे. माझ्याकडे आलेल्या लोकांत पहिल्याच संध्याकाळी हे लक्षात येणारे फार थोडे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्यावर धुकं होतं. भागवत आणि त्यांचे मित्र हंस बघायला टापूच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. मी जुईला आडोशात बसवलं आणि एवढ्यात रामहेत मला बोलवायला आला. अनिकेत सूर्योदयाचा फोटो काढायला काठाशी गेला होता आणि चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला होता. मोठ्याने ओरडायचं नाही हे त्याने पाळलं होतं, त्याबद्दल मी त्याला अजून मानते. तो हळूहळू “काकू, काकू” करत होता. आम्ही फळी टाकली, त्याला पालथं झोपवलं आणि ओढून काढलं. एक बूट आतच राहिला. या सगळ्या गडबडीने क्रौंच उठले, नेहमीपेक्षा लवकर, आणि आडोशाच्या अगदी वरून गेले. मला फक्त पंखांचा आवाज ऐकू आला, कारण माझे दोन्ही हात अनिकेतच्या काखेत होते.

मी परत आले तेव्हा जुई दुर्बीण मांडीवर ठेवून बसली होती. म्हणाली, “काकू, त्यांच्यात एक पांढरा होता.”

इथे आमच्या कामातली एक रीत सांगायला हवी. कुणी काही वेगळं पाहिलं म्हणालं, तर आपण त्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. अमुक होतं का, असं विचारलं की माणूस हो म्हणतो. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, तर त्याला तसं आठवायला लागतं म्हणून. फक्त विचारायचं, काय दिसलं? मग गप्प बसायचं.

मी विचारलं. ती डोळे मिटून, थांबत थांबत सांगत गेली. बाकीच्यांएवढाच उंच, किंचित जास्तच. सगळा पांढरा. उडाला तेव्हा मान पुढे सरळ ताणलेली. पंख उघडले तेव्हा त्यांची टोकं काळी, जशी शाईत बुडवून काढावीत.

“डोकं कसं होतं?” मी विचारलं.

“पुढून लाल. कपाळापासून चोचीपर्यंत. बाकी पांढरं.”

बगळा मान दुमडून उडतो, म्हणजे तो बगळा नव्हता. आणि पांढरा, काळ्या टोकांचा, लाल तोंडाचा क्रौंच एकच असतो. तो सायबेरियातून भरतपूरला यायचा. लहानपणी वडिलांनी मला तिथे नेऊन दाखवला होता. मग ते दरवर्षी कमी होत गेले, आणि आता वीसेक वर्षांहून जास्त काळ या देशात तो कुणी पाहिलेला नाही. शिकणाऱ्यांना तो मी चित्रात दाखवायचे, तेही पान उलटता उलटता, झटकन. जुईला यातलं काहीच माहीत नव्हतं. आदल्या दिवसापर्यंत तिने क्रौंच हा शब्द ऐकला नव्हता. 

भागवत परत आले, त्यांना मी जसंच्या तसं सांगितलं. ते खुर्चीवर बसले, मग उठले. मोबाइलमध्ये साठवलेलं चित्र शोधायला लागले, तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, तिला चित्र दाखवू नका, एकदा दाखवलं की तिचं सांगणं उरणार नाही. त्यांना ते पटलं. त्यांनी मोबाइल बंद केला आणि खडकाकडे बघितलं. हे कळवायला हवं, आत्ताच, असं ते म्हणाले.

मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांबा. क्रौंच झोपायला इथेच येतील. आपण डोळ्यांनी बघू, मग कळवा. त्यांचं म्हणणं उलट होतं. संध्याकाळी तो नाही आला तर? तो आज आसपासच्या कुठल्यातरी शेतात आहे. आत्ता दहा-वीस जाणकार मोटारी घेऊन निघाले तर सापडेल. आणि असा पक्षी दिसणं ही काही तुमची-माझी खासगी गोष्ट नाही. ते बरोबर बोलत होते. मीही बरोबर बोलत होते, हीच अडचण होती. मी त्यांना सांगितलं की काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका तलावावर एक दुर्मीळ बदक आल्याची बातमी अशीच पसरली होती. जाणकार दहा आले आणि त्यांच्यामागे बाकीचे. मोटर लावलेल्या नावा, पाण्यात उतरून फोटो काढणारे. बदक दुसऱ्या दिवशी गेलं, त्याचं एकवेळ चालेल. पण तिथे दरवर्षी उतरणारे हंसही उठले, आणि त्या तलावावर पुन्हा पूर्वीसारखे उतरले नाहीत. या टापूचं तसं झालं तर हे सगळे क्रौंच झोपायला कुठे जातील, ते मला माहीत नाही, असं मी म्हटलं.

आमचं हे बोलणं कोठीच्या ओट्यावर चाललं होतं. जुई तिथेच बाजूला मटार सोलत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. हात रिकामे ठेवायची तिला सवय नसावी.

अनिकेत पाय धुऊन आला. काय झालं ते कळल्यावर त्याने आधी हसून घेतलं. “काकू, हिला कबूतर और फाख्ता में फर्क नहीं पता. पाटणकर बाजारात मैना बघून विचारते, हा कावळा का?” मग भागवतांनी त्याला समजावलं की ही गोष्ट खरी असेल तर केवढी मोठी आहे, जगभरातून लोक विचारतील, तुझ्या बायकोचं नाव सगळीकडे छापून येईल. तेव्हा त्याचा चेहराच बदलला. त्याने जुईकडे असं बघितलं, जसं त्याने आल्यापासून एकदाही बघितलं नव्हतं. तिच्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, तू फिरसे सगळं सांग, मी व्हिडिओ घेतो. अगदी आरामात, घाबरू नको. तिच्या केसांत अडकलेली काडी त्याने काढली. जुई त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटतं, तिला ते फार आवडलं. कुणालाही आवडलं असतं.

भागवत मात्र नियमाचे पक्के. खडकावर चढायच्या आधी ते तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “बाळ, घाई नाही. सगळं त्या लाल तोंडावर आहे. ते तू नक्की पाहिलंस?”

जुईने शेंगा खाली ठेवल्या.  अनिकेतचा मोबाइल तिच्यावर रोखलेला होता.

“नाही, काका,” ती म्हणाली. “तोंड नीट नाही दिसलं. काकू माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी बोलून गेले. धुकं होतं. पांढरासुद्धा होता की नाही, आता सांगता येत नाही.”

भागवतांनी मान डोलवली. राखाडी पक्षी धुक्यात, कोवळ्या उजेडात पांढरा दिसू शकतो, पंखांची टोकं तर साध्या क्रौंचाचीही काळीच असतात, असं ते तिला धीर द्यायला म्हणाले. खरं सांगितलंस ते बरं केलंस, असंही म्हणाले. पण त्यांचा आवाज खाली गेला होता. ते खडकावर गेले नाहीत. अनिकेतने मोबाइल खिशात टाकला, उठून उभा राहिला आणि हसला. “मी सांगितलं होतं ना?” मग दिवसभर तो तिला ‘सफेद सारस’ म्हणत होता. भागवतांच्या मित्रांपैकी एकजणही एकदा हसले. जुईने मटार संपवले.

संध्याकाळी आम्ही सगळे आडोशात होतो. क्रौंच उशिरा उतरले, उजेड जायला लागला होता. मी एकेका पक्ष्यावरून दुर्बीण सरकवत होते. शेजारी भागवतांची दुर्बीणही तशीच, हळू, डावीकडून उजवीकडे चालली होती.  सगळे राखाडी होते. निदान त्या उजेडात राखाडी होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी रामहेतने नाव लावली. अनिकेत सुटकेसांबरोबर पुढे बसला, त्याच्याजवळ भागवत आणि त्यांचे मित्र. जुई माझ्याजवळ, मागे. टापू मागे पडल्यावर ती पाण्याकडे बघत, मला जेमतेम ऐकू येईल अशी म्हणाली, “लाल होतं, काकू.”

मी तिच्याकडे बघितलं. “मग काल?”

“तुम्ही म्हणालात ना, नावा आल्या की हे सगळे जातील. मग मी विचार केला, एक जण हसेल. तो तसाही हसतोच.” थोड्या वेळाने म्हणाली, “तुम्हाला तरी खरं माहीत असावं म्हणून सांगितलं.”

 मी तिला असं काही करायला सांगितलं नव्हतं. मनातल्या मनातसुद्धा नव्हतं, असं मी स्वतःला तपासून सांगू शकते. आजही मला ठरवता येत नाही. तो पक्षी खरंच आला असेल तर ती गोष्ट कळायला हवी होती. तो कुठून आला, एकटा का आला, कुणाबरोबर वाट चुकून आला, हे शोधायला माणसं होती, साधनं होती. ते सगळं राहून गेलं. दुसऱ्या बाजूला, त्या टापूवर क्रौंच अजून उतरतात. त्या पूर्ण हंगामात गिऱ्हाईक नसलेल्या प्रत्येक पहाटे मी रामहेतला घेऊन तिथे जात राहिले. रामहेतने कधी विचारलं नाही की आपण काय शोधतोय. पांढरं काही दिसलं नाही. पुढच्या हंगामांतही नाही.

भागवतांचा दर दिवाळीला फोन येतो. हंस आले का, पाणी किती उतरलं, गुडघे कसे आहेत, हे सगळं झाल्यावर ते शेवटी सहज विचारल्यासारखं विचारतात, “आणि मोहितेबाई, पांढरं काही?” मी नाही म्हणते, आणि ते खरंच असतं. ते हा दिवाळी अंक घेतात. यंदा त्यांचा फोन नेहमीपेक्षा लांबणार आहे, आणि त्यांना रागवायचा अधिकार आहे.

हे लिहायच्या आधी मी जुईला विचारलं. ती आता नोएडाला असते, तिला मुलगी आहे. म्हणाली, लिहा की, फक्त जागा सांगू नका. मी म्हटलं, आणि अनिकेत? तो वाचेल. त्यावर ती हसली.

“तो मराठी फक्त बोलतो, काकू. वाचतो कुठे?”

त्याला कधी सांगितलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. मैना दिसली की तो अजून तिला विचारतो, हा कावळा का. ती हो म्हणते. हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. मग मुलीचं, थंडीचं बोलणं झालं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “एक राहिलं. त्याचे पाय गुलाबी होते. तेव्हा कुणी विचारलंच नाही.”

त्या क्रौंचाचे गुलाबीच असतात. मधल्या वर्षांत तिने कुठे चित्र पाहिलं असेल का, हे मी तिला विचारू शकले असते. ते विचारणं माझं काम होतं. मी आता निवृत्त आहे, आणि मला आणखी काही विचारायचं नव्हतं.